जागेवर ठेवू नका

मी एक संदर्भग्रंथ बोलतोय. ग्रंथ म्हटलं की कुणीतरी धीरगंभीर, मांडी ठोकून बसलेला म्हातारा तुमच्या डोळ्यांसमोर येत असेल, तर तो मी नव्हे. पायाला भिंगरी आणि नशिबी फळी, असा माझा जन्म. आत्ता मी सिंगापूरच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, पाचव्या मजल्यावर, टेबलावर उघडा पडलोय. समोरचा वाचक पाणी प्यायला गेलाय. तो परत येईल, मला मिटेल आणि मग काय करील, या विचारानं माझी पानं नुसती फडफडताहेत. तो येईपर्यंत तुम्हाला सांगून टाकतो. घाई होईल, पण इलाज नाही.

माझा जन्म पुण्याचा, शनिवार पेठेतल्या छापखान्यातला. पोटात इंग्रजी असली तरी कान मराठी आहेत, कारण खिळे जुळवणारे, चहा सांडणारे आणि चहा सांडला म्हणून ओरडणारे सगळे मराठीच बोलायचे. मला लिहिलं पद्माकर नावाच्या एका इंजिनिअरांनी. त्यांनी अर्धी हयात कोकणातल्या खाड्यांच्या काठी, गुडघाभर चिखलात काढली. खारं पाणी भातखाचरात शिरू नये म्हणून गावकरी माती, दगड आणि पेंढ्याचे बांध कसे घालतात, पुढ्यात खारफुटी कशी राखतात, ओहोटी साधून शेवटचं तोंड कसं बुजवतात, हे सगळं त्यांनी मोजलं आणि काढून ठेवलं. माझ्या पोटात घडीचे मोठे नकाशे आहेत. ते उलगडले की टेबल पुरत नाही. माझा तोरा काय तो तेवढाच.

त्या काळी सिंगापुरात समुद्र हटवून जमीन वाढवायचं काम जोरात होतं. त्यामुळे इथल्या विद्यापीठानं मला मागवलं आणि मी बोटीत बसून आलो. काय दिवस होते ते! इथली ग्रंथालयं एकमेकांना पुस्तकं उसनी देतात, शेजारणीनं वाटीभर साखर द्यावी तशी. आज या विद्यापीठात, पुढच्या महिन्यात बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. निळ्या क्रेटमधून, व्हॅनच्या मागच्या भागात, दहा विषयांच्या सोबत्यांशी गप्पा मारत मी हिंडायचो. मग एका खेपेला परतलो तो एका नकाशाची घडी फाटूनच. कुणाच्या हातून फाटली ते मला ठाऊक आहे, पण मी चहाडखोर नाही. पाठीवर शिक्का बसला, फक्त ग्रंथालयात वाचण्यासाठी. माझं हिंडणं संपलं आणि मी फळीवर आलो.

फळीवरचं आयुष्य तुम्हाला काय सांगू? इथं वीज वाचवायची म्हणून फळ्यांच्या प्रत्येक ओळीत आपोआप लागणारा दिवा आहे. माणूस ओळीत शिरला की उजेड, गेला की अंधार. वीज वाचते हे खरंच, पण माझ्या ओळीत इतकी वाचायला लागली की मी उजेडच विसरलो.

माणसं येत नव्हती असं नाही, झुंडीनं येत होती. पण ती यायची गारव्याला, प्लगाला आणि टेबलाला. सकाळी येऊन खुर्चीवर जाकीट, टेबलावर पाण्याची बाटली ठेवायची की जागा झाली आपली. मग स्वारी कॅन्टीनला जेवून, मित्रांना भेटून, दुपार कलल्यावर उगवायची. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मोठ्या मंडपात, लोक टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल धरतात, तीच विद्या. ग्रंथालयानंही मुलांना पुस्तकांकडे वळवायला काय काय केलं. परीक्षेच्या दिवसांत बिस्किटं वाटली, लोळायला गाद्या आणल्या. एकदा आम्हा काही जणांना खाकी कागदात गुंडाळून वर चारच शब्द लिहिले आणि न बघता पुस्तक निवडा म्हणाले. माझ्यावर लिहिलं होतं, चिखल, चंद्र, भरती, संयम. एका मुलीनं मोठ्या आशेनं मला उचललं, कागदाचा कोपरा हळूच फाडून आत डोकावली आणि शेजारचं पुस्तक घेऊन गेली. असं स्थळ नाकारलेलं कुणाला सांगायचीही सोय नसते.

आणि मग एक दिवस दिवा लागला. तो दिवा लावणारी होती रुपाली. औरंगाबादची पोर, समुद्रकिनाऱ्यांवर संशोधन करायला इथं आलेली, चोआ चू कांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी. समुद्राची पातळी वाढतेय, तर नुसती काँक्रीटची भिंत घालत बसण्यापेक्षा चिखल आणि खारफुटी कामाला लावता येतील का, हा तिचा प्रश्न होता. त्याचं उत्तर माझ्या पोटात होतं. पद्माकरसाहेबांनी वर्षानुवर्षं मोजलेले बांध इंटरनेटवर कुठेच नव्हते. तिनं पहिल्या दिवशी नकाशा उलगडला आणि मराठीत हळूच म्हणाली, “अगं बाई.” मला गहिवरून आलं हो, खोटं कशाला सांगू.

ती रोज यायची. स्वच्छ हात धुऊन यायची, पान वाचताना बोटाला थुंकी लावायची नाही, घडी होती तशीच घालायची. आणि जाताना मला उचलून, रुमालानं पुसून, बरोबर माझ्या जागी, शेजाऱ्यांच्या रांगेत नीट ठेवून जायची.

तिथंच माझं मरण होतं.

इथं प्रत्येक टेबलावर एक पाटी आहे. वाचून झालेली पुस्तकं कृपया टेबलावरच सोडा, फळीवर ठेवू नका. संध्याकाळी ढकलगाडी येते, टेबलांवरची पुस्तकं गोळा करते, एकेकाच्या पाठीवर लाल उजेड मारते. ‘टूं’ असा आवाज झाला की त्या पुस्तकाच्या नावावर एक वाचन जमा. जे पुस्तक घरी जातच नाही, त्याला कुणी वाचतं की नाही हे कळायला तेवढा एकच ‘टूं’ असतो. रुपालीनं ती पाटी वाचली होती. पण तिला वाटलं, हे पुस्तकं कुठेही कोंबणाऱ्यांसाठी आहे. आपल्याला जागा माहीत आहे, मग दुसऱ्याला काम कशाला? चांगल्या घरच्या माणसाला पाटी आपल्यासाठी आहे असं कधी वाटतच नाही.

गाडी यायची, माझ्या ओळीवरून सरळ पुढे जायची. मी आतून ओरडायचो, अहो इकडे बघा, मी आजच वाचला गेलोय! शेजारची जाडजूड काँक्रीटची पुस्तकं म्हणायची, गप बस रे, चुळबुळ्या.

मग तो लाल ठिपका आला. जागा कमी पडायला लागली होती. सगळ्या विद्यापीठांनी मिळून ठरवलं की न वाचली जाणारी पुस्तकं काढायची, कुणा दुसऱ्या ग्रंथालयाला हवी का विचारायचं, नाही तर कागद पुन्हा वापरायला द्यायचा. ठरवणं चूक नव्हतं. उगाच एसी लावून कोट्यवधी पानं थंड करत बसण्यात काय शहाणपण आहे? पण काढायच्या पुस्तकाच्या पाठीवर लाल ठिपका लागायचा, आणि तो माझ्या पाठीवर लागला. दुसऱ्या दिवशी रुपालीनं तो पाहिला. तिला वाटलं नवी मांडणी चाललीय. ठिपक्याची एक कड सुटत होती. तिनं ती अंगठ्यानं दाबून नीट चिकटवली आणि मला जागेवर ठेवून गेली. हसू की रडू, मला कळेना.

त्याच सुमारास तिचे वडील आले, भाऊसाहेब. रुपाली त्यांना नुसतं ‘भाऊ’ म्हणते. औरंगाबादेत वस्तीतल्या विहारात त्यांनी चार कपाटांचं वाचनालय उभं केलं होतं आणि वस्तीतली दोन पिढ्यांची पोरं त्यावर वाढवली होती. नियम एकच, पुस्तक ज्यानं काढलं त्यानंच स्वतःच्या हातानं जागेवर ठेवायचं. वडील आले म्हणून रुपालीनं रजा काढली. आणि नेमकी त्याच दिवसांत मला क्रेटमध्ये भरलं. निळंच क्रेट होतं. क्षणभर मला वाटलं, पुन्हा प्रवास! पण लिफ्ट खाली, खालीच गेली.

तळमजल्यावर एका लांब टेबलावर आम्हाला मांडलं. हवं त्यानं न्यावं, उरेल ते दुसऱ्या दिवशी कागदाच्या गाडीत. दुसरी ग्रंथालयं आधीच नको म्हणून मोकळी झाली होती, जो तो आपलाच पसारा आवरत होता. लगद्याचं पुढे काय होतं, असं मी शेजाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, बहुतेक टिश्यू. म्हणजे जन्मभर एका वाचकासाठी तळमळायचं आणि शेवटी हॉकर सेंटरमध्ये कुणाच्या तरी नूडल्सची जागा धरून बसायचं. माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. रुपाली जवळजवळ पळत आली. मागून भाऊसाहेब, आणि त्यांच्या मागून ग्रंथपाल मिसेस टे. रुपाली वडलांना मला दाखवायला वर घेऊन गेली होती आणि फळीवर भगदाड पाहून तिचा धीर सुटला होता. तिनं मला दोन्ही हातांनी उचललं.

मिसेस टे तिला समजावत होत्या. कित्येक वर्षांत या पुस्तकाला कुणी हात लावलेला नाही, म्हणून काढलं, म्हणाल्या. “सिस्टिम सेज झीरो. हाऊ?”

रुपालीनं सांगितलं की ती महिनोन्‌महिने हेच वाचतेय, रोज.

“मग वाचून झालं की कुठे ठेवतेस?”

“कुठे म्हणजे? जागेवर.”

मिसेस टेंनी चष्मा काढला, पदराऐवजी स्वेटरच्या बाहीनं पुसला आणि शांतपणे तिला ढकलगाडीचं, लाल उजेडाचं आणि त्या पाटीचं सगळं सांगितलं. शेवटी इथल्या लकबीत म्हणाल्या, “टू गुड मॅनर्स, लाह. मला पुस्तकं फेकायला आवडतं असं वाटतं तुला? तू वाचतेस हे मला कळायला तर हवं.”

रुपालीचा चेहरा पांढरा पडला. काय झालं, भाऊसाहेब विचारू लागले, तेव्हा तिनं त्यांना मराठीत सांगितलं. ते ऐकत राहिले. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता, नेमका ठिपक्यावर. आयुष्यभर ज्या शिस्तीचा अभिमान बाळगला तिनंच एका पुस्तकाचा घास घ्यावा, हे त्यांना पचत नव्हतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

मिसेस टे म्हणाल्या, आता सोपं आहे, घेऊन जा घरी, तुझंच झालं ते. रुपालीच्या डोळ्यांत चमक आली. तिनं मला पिशवीत घातलंसुद्धा. आणि मी? मी सुटलो, वाचलो, असं वाटायच्या आतच मला पुढचं सगळं दिसलं. चोआ चू कांगच्या फ्लॅटमधलं एक कपाट, एकच वाचक, आणि ती गावी परतली की खोक्यात मी.

“रुपा, काढ ते बाहेर,” भाऊसाहेब म्हणाले.

“अहो भाऊ, नाही नेलं तर उद्या लगदा होईल त्याचा.”

“घरी नेलंस तर आजच झाला म्हण. विहारातलं एक पुस्तक कुणी घरी ठेवून घेतलं तर मी काय म्हणायचो?”

रुपालीनं पिशवी खांद्यावरून उतरवली. मग तिनं मला पिशवीतून काढलं आणि मिसेस टेंना विचारलं, हे परत वर ठेवता येईल का. त्या विचारात पडल्या. वर्षभर ठेवते म्हणाल्या, पण वाचलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर पुढच्या खेपेला मला विचारू नकोस. त्यांनी नखानं लाल ठिपका काढला. रुपालीनं इतका घट्ट चिकटवला होता की माझी थोडी सालही निघाली.

आम्ही वर आलो. भाऊसाहेबांनी मला टेबलावर ठेवलं, नकाशा उलगडला, बराच वेळ पाहिला. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, पण बांध आणि पाणी कुणालाही वाचता येतं. मग रुपाली म्हणाली, चला भाऊ, असंच राहू द्या. ते उठले. दोन पावलं गेले आणि परत आले. माझी घडी नीट केली. पुन्हा निघाले, पुन्हा वळले, हात पुढे आला. पोरांना ज्या कारणासाठी ते रागे भरायचे, तेच त्यांना आज स्वतः करायचं होतं. शेवटी त्यांनी तो हात खिशात घातला आणि मागे न बघता लिफ्टकडे गेले. संध्याकाळी गाडी आली. टूं. एवढा गोड आवाज मी छापखान्यातही ऐकला नव्हता.

त्यानंतर रुपाली मला टेबलावरच सोडू लागली. ग्रंथालयानं माझ्या नकाशांची छायाचित्रं काढली आणि ती छायाचित्रं दूरदेशीच्या ग्रंथालयांना मागतील तशी मिळू लागली. माझं चित्र हिंडतं आणि मी इथंच, याचा थोडा हेवा वाटतो, पण चालायचंच. तिचा अहवाल पुरा झाला, काम संपलं, आणि गेल्या महिन्यात ती औरंगाबादला परतली. जाताना तिनं मला टेबलावर उघडं ठेवलं, पद्माकरसाहेबांच्या नावावर.

तेव्हापासून एकही टूं नाही. मिसेस टेंनी दिलेलं वर्ष संपत आलंय, आणि रुपाली गेल्यावरही मला कुणी वाचतं का, हेच त्या बघणार आहेत. आज हा नवा मुलगा आलाय, क्षितिज, पुण्याचा, बिशानला राहतो. रुपालीनंच त्याला माझ्याबद्दल सांगितलं असावं. सकाळपासून वाचतोय, वहीत लिहितोय, फार गुणी आहे. हात धुऊन आला होता, आणि तीच तर भीती आहे.

तो बघा, आला. त्यानं मला मिटलं, घड्या सारख्या केल्या, फुंकर मारली. आता उभा राहून फळ्यांकडे बघतोय, माझी जागा शोधतोय. माझ्या ओळीतला दिवा लागलाय.

अरे बाबा, थांब. ती पाटी तुझ्यासाठीच आहे. आणि तुम्हीही ऐका, कुठल्याही ग्रंथालयात अशी पाटी दिसली तर वाचून झालेलं पुस्तक जागेवर ठेवू नका. चांगल्या घरची माणसं आहात, मला कळतं. पण माझ्यासाठी, एवढ्यापुरतं, थोडं वाईट वळण लावून घ्या.