अर्धा चेहरा अंधारात

पुस्तकांच्या मुखपृष्ठांसाठी फोटो काढणाऱ्या मामाला सहा महिन्यांनी काम मिळालं होतं आणि काही झालं तरी ते हातचं घालवायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. किशोरांसाठीची कादंबरी होती. नायिकेची आई इथली, वडील परमुलखातले. प्रकाशकबाईंनी फोनवर बजावलं होतं, "मुलगी दोन्हीकडची वाटली पाहिजे, आणि उदास. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. संध्याकाळपर्यंत द्या."

दोन्हीकडची मुलगी शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. बहिणीने लग्नच परमुलखातल्या माणसाशी केलं होतं आणि भाची आता चौदा वर्षांची होती. तिला स्टुलावर बसवलं, डावीकडे दिवा लावला, उजवीकडे काळा पडदा ओढला.

उदास होणं मात्र तिला काही केल्या जमेना. सकाळीच शाळेच्या व्हॉलीबॉल संघात तिची निवड झाली होती. तोंड मिटलं तरी गाल वर जात होते.

"एखादी वाईट गोष्ट आठव."

"तुझी स्कूटर आठवू?"

मामाने तिच्या हातात कादंबरीची पानं दिली. वाचून तरी रडू येईल, ही भाबडी आशा.

"ही चौथ्या पानावर आरशासमोर रडते. नवव्या पानावर परत आरसा. हिच्या घरात दुसरं काही सामान नाही का?"

"अगं, आपण नक्की कोण, हे कळत नाही तिला."

"चौदा वर्षांत घरातल्या कोणी सांगितलं नाही?"

मामाला हसू फुटलं, कॅमेरा हलला आणि एक फोटो वाया गेला. "पुरे आता. मान सरळ. उजवी बाजू अंधारात जाऊ दे."

"उजवी म्हणजे कोणाची? आईची की बाबांची?"

झाली का पंचाईत! मामाने पडदा उचलून डावीकडे नेला, पुन्हा उजवीकडे आणला. नाक बहिणीचं, पण ते मधोमध. भुवया मेहुण्याच्या, त्या दोन्हीकडे. हनुवटी तर खुद्द मामाची होती आणि तीही निम्मी काळोखात चालली होती.

"मामा, हे पुस्तक शाळेत सगळे वाचणार," भाची म्हणाली. आता ती हसत नव्हती. "मागे वर्गात असंच एक वाचलं, तर वर्गाच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. घरी फार त्रास होतो का गं, म्हणाल्या. माझा खेळाचा तास बुडाला. मैत्रिणी आठवडाभर माझ्याशी हळू आवाजात बोलत होत्या."

मामाला हवा तो चेहरा मिळाला होता. अगदी सांगितल्याबरहुकूम, पडद्यासकट. बोट बटणावरच होतं आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याने पडदा ओढून काढला, दुसरा दिवा लावला आणि विचारलं, "संघात कोणाच्या जागी घेतलं तुला?"

ती हात उडवत सांगत सुटली आणि मामाने तसाच तिचा फोटो काढून धाडला.

दहा मिनिटांत प्रकाशकबाईंचा फोन. "फोटो छान आहे हो. पण हिचं दुःख कुठे दिसतंय?"

"मधे आलं होतं थोडं, तुमच्या पुस्तकावरून," मामा म्हणाला. "ते मी टिपलं नाही." आणि काम घालवून मोकळा झाला.