गैरहजर माणसाचे एकशे अठ्ठेचाळीस

"न येता एकशे अठ्ठेचाळीस काढतो हा माणूस, आणि मी घाम गाळून एकशे बारा," बुटाची नाडी करकचून ओढत गिरीश माझ्या कानाशी पुटपुटला. "तेसुद्धा दर गुरुवारी. एकसारखे!"

"हळू बोल. नीला मागेच बसलीय."

नीला मागच्या बाकावर स्वेटर विणत होती. ती कधीच खेळली नाही, पण गुरुदत्त भावजींची बायको म्हणून सहा वर्षं त्याच बाकावर बसत आली. आता भावजी येत नव्हते. ती येत होती.

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या गुरुवारच्या, चेंडूने पिना पाडायच्या बोलिंग लीगमध्ये आमची टीम चौघांची. माझा नवरा गिरीश, नागपूरचा विक्रम, मी आणि भावजी. भावजी कोयनेच्या धरणावर इंजिनिअरची नोकरी करून इकडे आलेले, म्हणून टीमचं नाव कोयना. लीगचा नियम असा की कुणी गैरहजर असला, तर त्याच्या सरासरीतून दहा वजा करायचे आणि उरतील ते गुण त्याच्या नावापुढे लिहायचे. त्याला ब्लाइंड म्हणतात. भावजींची सरासरी एकशे अठ्ठावन्न, तेव्हा ब्लाइंड एकशे अठ्ठेचाळीस. लिहायचं काम माझ्याकडे. मॅट्रिकनंतर राहून गेलेलं शिक्षण मी इथल्या लायब्ररीत बसून जमेल तसं भरून काढलं, त्यात बोलिंगचे गुण मांडणंही आलं. गिरीशला ते अजून जमत नाही. इंजिनिअर आहे, त्याला अवघड वाटत असेल.

चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात भावजींचं पोट उघडलं आणि तसंच परत शिवलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. नीलाने हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सर्जनला हात जोडले. "यांना सांगू नका, धीर सोडतील." सर्जनने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. नीला बाहेर येऊन आम्हाला म्हणाली, "कबूल झाले. भला माणूस आहे गं."

आम्हाला त्यात काहीच नवल वाटलं नाही. आपल्याकडे असंच करतात. माझ्या वडिलांनाही शेवटपर्यंत अल्सर सांगितला होता, आणि त्यांनी आमचा मान राखून अल्सरनेच प्राण सोडला. भावजींनाही अल्सरच ठरला. त्यांच्या घरी गेलं की रडायचं ते स्वयंपाकघरात, हॉलमध्ये आलं की हसायचं. हळूहळू आम्ही सगळे त्यात चांगले तयार झालो.

गुरुवारी खेळ संपला की विक्रम तिथल्याच फोनवरून त्यांना सांगायचा, "काका, तिन्ही गेममध्ये एकशे अठ्ठेचाळीस!"

"वा! झोपून खेळ सुधारला यार माझा," पलीकडून भावजी म्हणायचे. "उभा असताना असं कधी जमलं नाही."

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी लीगची सेक्रेटरी डोलोरेस आमच्या लेनपाशी आली. साठीची बाई, ओठात सिगरेट, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. प्लेऑफला, म्हणजे शेवटच्या बाद सामन्यांना, ब्लाइंड चालत नाही, म्हणाली. सोमवारपर्यंत चौथं नाव द्या, नाहीतर टीम बाहेर. मग तिचं लक्ष नीलाकडे गेलं. "आय ॲम सो सॉरी, हनी."

"सॉरी कशाबद्दल?" नीला सुया न थांबवता इंग्रजीत म्हणाली. "एप्रिलमध्ये येतायत ते."

डोलोरेस लाल झाली, आमच्या हातात फॉर्म देऊन निघून गेली.

"नाव काढायचं नाही," नीला म्हणाली.

"मग टीम जाऊ दे," गिरीश म्हणाला.

"आणि काका विचारतील ना, प्लेऑफ का कॅन्सल केलं म्हणून? काय सांगू?" विक्रमचा आवाज चिरकला.

तेही खरंच होतं. नाव काढलं तरी त्यांना कळणार, टीम काढून घेतली तरी कळणार. पार्किंग लॉटमध्ये थंडीने दात वाजवत आम्ही एक थाप रचली. विक्रमचा रूममेट संजीव फक्त तात्पुरता, भावजींचा अल्सर बरा होईपर्यंत. "तात्पुरता हा शब्द विसरू नका," नीलाने दोनदा बजावलं.

रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो. भावजी सोफ्यावर दोन शाली पांघरून टीव्हीवर हॉकी बघत होते. शालींच्या मानाने आत माणूस फारच थोडा उरला होता.

"या, या. आज सगळी टीम? वीणावहिनी, तुम्ही पर्स अशी धरलीय जशी कुणी पळवतंय."

पर्समध्ये फॉर्म होता.

गिरीशने घसा साफ केला. "गुरू, ते प्लेऑफचं काय झालं, की जरा एक टेम्पररी..."

"प्लेऑफला ब्लाइंड चालत नाही," भावजी म्हणाले. "नियमांचं पुस्तक पहिल्या वर्षी मीच वाचून दाखवलं होतं तुला. जानेवारीपासून वाट बघतोय, तुमच्यातलं कोण येतंय."

"मी चहा टाकते," नीला उठली.

"बस, नीला."

"अहो, तात्पुरतंच आहे ते. एप्रिलमध्ये तुम्ही..."

"बस जरा."

ती बसली. भावजींनी टीव्हीचा आवाज बंद करायला सांगितलं. विक्रमने केला आणि तिथेच, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. पडद्यावर दोन खेळाडू बर्फावर एकमेकांना बदडत होते.

"त्या सर्जनने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं," भावजी म्हणाले. "तू घरी अंघोळीला गेली होतीस. खुर्ची ओढून बसला आणि सगळं सांगितलं. उरलेल्या महिन्यांसकट."

"ते कबूल झाले होते! माझ्यासमोर मान हलवली होती त्यांनी."

"तुझं दुःख कळलं म्हणून हलवली असेल. इथे पेशंटला सांगतात गं. सांगावंच लागतं."

नीला त्यांच्याकडे बघतच राहिली. "पाच महिने? आणि बोलला नाहीत?"

"तू बाथरूममधून तोंड धुऊन यायचीस आणि अल्सरला चालणारी खिचडी पुढे ठेवायचीस. एवढं करतेय, तर म्हटलं, हिला वाटू दे मला माहीत नाही." त्यांना दम लागला. "आणि हे तिघे. काय नाटकं करता रे! विक्रम तर फोनवर नाक ओढत गुण सांगतो."

विक्रमने मागे वळून पाहिलं नाही.

मी पर्स उघडली. फॉर्म त्यांच्या मांडीवर ठेवला, पेन दिलं. आपलं नाव त्यांनी एका रेघेत सरळ खोडलं. इंजिनिअरची रेघ.

नीला अजूनही म्हणत होती, "पण डॉक्टर चुकतात हो कधीकधी, तुम्ही असं काही मनात..."

भावजींनी तिचा हात धरला.

"नीला, मी मरतोय. पाच महिने एकटाच मरतोय. आता जरा माझ्याबरोबर बस."