पाच चांदण्या

लोहारकाकांचा फोन हातात घेऊन बँकेच्या शाखेतल्या मुलीने तो त्यांच्यासमोर धरला.

"बँकेने विचारलंय, अ‍ॅप कसं वाटतं. पाचपैकी किती चांदण्या द्यायच्या?"

"सगळ्या दे."

"काका, खरं सांगायचं असतं."

"मग खरंच सांगतोय. तू कधी कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवलंस?"

बाकावरच्या माणसांनी माना डोलावल्या. गावातल्या त्या शाखेत ती एकटीच कारकून होती. रोखीची खिडकी बंद होऊन सगळे व्यवहार फोनवर आले, तेव्हापासून लोक फोन घेऊन तिच्याकडेच येत. लोहारकाकांच्या घट्टे पडलेल्या बोटांना काच दाद देत नसे. सुईण आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. आपला गुप्त आकडा आजी सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात सांगे. शिंपीणकाकूंना वाचता येई, पण पैसे भलत्याच्याच खात्यात जातील या धास्तीने त्या कुठलंच बटण दाबत नसत. ती एकेकाचा फोन उचलून काम उरकून देई.

त्या आठवड्यात सगळ्या गावाने पाच-पाच चांदण्या दिल्या. आपल्या पोरीचं भलं होत असेल तर हात आखडता का घ्यावा?

पुढच्या महिन्यात शहरातून साहेबांचा फोन आला.

"अभिनंदन! इथले शिकलेसवरलेले लोक दोनच्या वर जात नाहीत, आणि तुमचं गाव पैकीच्या पैकी. कमाल केलीत."

"साहेब, ते अ‍ॅप मीच..."

"तुम्हीच शिकवलंत, माहीत आहे. म्हणून तर वरच्यांनी ठरवलं, तिथे आता शाखेची गरज नाही. तुम्हाला शहरात घेतोय."

पुढचे दोन दिवस तिने वर अर्ज केले, विनवण्या केल्या. उत्तर एकच आलं : ग्राहक समाधानी आहेत. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे ती सांगणार तरी कुणाला?

शेवटच्या दिवशी ती खुर्च्या एकावर एक रचत असताना सुईण आजी काठी टेकत आली. मागोमाग शिंपीणकाकू होत्या.

"बढती झाली म्हणे तुझी," आजी म्हणाली. "आमच्या चांदण्या कामी आल्या बघ."

तिने आजीचा हात धरून तिला बाकावर बसवलं.

"आता औषधाचे पैसे फोनवरून कोण भरून देणार गं?" शिंपीणकाकूंनी हळूच विचारलं. "दुसरी शाखा दोन बस बदलून आहे. आजीला कसं झेपायचं?"

"येईल कुणीतरी," ती म्हणाली. म्हणताना तिने खुर्चीवरची नसलेली धूळ पदराने पुसली.

"येईलच," आजी म्हणाली. "एवढी मोठी बँक आहे."

शहरात तिला तक्रारींच्या मेजावर बसवलं. दिवसभर कानाला फोनचं यंत्र लावून ती बोलणी खात असे. कुणाचे पैसे दोन मिनिटं उशिरा पोचलेले, कुणाला पडद्याचा रंग आवडलेला नाही. तक्रार करायची तर ती अ‍ॅपमधूनच नोंदवावी लागे. मग ही त्या माणसाला उलट फोन करी.

रोज सकाळी आल्याआल्या ती आधी आपल्या गावच्या तक्रारींचं पान उघडून बघत असे. महिना गेला, दुसरा गेला. एकदा साहेब मागे येऊन उभे राहिले.

"अजून एकही नाही ना?" ते कौतुकाने म्हणाले. "सुखी माणसं हो तुमची."

तिने पान मिटलं आणि पुढचा फोन लावला.

"नमस्कार," ती म्हणाली, "आपली काय सेवा करू?"