फक्कीची रेघ

उज्ज्वलाने डब्यातली पांढरी फक्की ओतत शेवटची रेघ ओढली आणि ती कंबर धरून उभी राहिली. रिसोडच्या धान्यबाजाराला लागून, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेवर अख्खा कारखाना आखून झाला होता. कागदावरचा नकाशा बचतगटातल्या बायकांना कळेना, म्हणून तिने तो खऱ्या मापाने मातीवर उतरवला. बाजारात फाटून पडलेली पोती इथे येणार, त्यांच्या पिशव्या नि आसनं होणार, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते काम काचेतून दिसणार.

तिची आई जमनाबाई चपला बाहेर काढून आत शिरली. तीस वर्षं तिने याच बाजारात फाटकी पोती वेचली होती.

"अवो, दरवाजा तिकडं हाय! भिंतीतून काहून घुसता?" गटातली मोतीबाई ओरडली. सगळ्या हसल्या.

जमनाबाई फिरून दारातून आली. दुकान पाहिलं, शिलाईची जागा पाहिली.

"अन् पोते निवडाची जागा?"

"मांगं. भिंतीआड." उज्ज्वला म्हणाली. "धूळ उडते, वास येते. लोक नाक दाबतीन."

"दाबू दे. समोर घे."

"आई, लोक पिशव्या पाहाले येतीन. कचरा पाहाले नाई."

आई. याडी हा आईसाठीचा बंजारा शब्द तांड्यावरच्या घरापुरताच होता. चारचौघांत उज्ज्वला आईच म्हणे.

"पिशव्या का आभायातून पडतात? मांगं लय वर्सं बसली मी. आता नाई बसत."

जमनाबाई थेट रस्त्याकडच्या रेघेशी गेली, एक पोतं ओढून त्याच्यापुढे बसली आणि शिवण उसवू लागली. ती उठणार नाही, हे सगळ्यांना कळलं.

"थांब. रस्त्यावरून कसं दिसते, पाहाते," म्हणत उज्ज्वला रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेली.

तेवढ्यात शाळा सुटली. निळ्या गणवेशातल्या मुलींचा घोळका रस्त्याने येऊ लागला. जमनाबाईचा हात आपसूक पदराकडे गेला. पदर नाकापर्यंत ओढून तिने रस्त्याकडे पाठ फिरवली.

उज्ज्वला शाळेत असताना घंटा झाली की जमनाबाई अशीच वळून बसायची. मैत्रिणींसमोर लेकीला ओळख द्यावी लागू नये म्हणून. हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

"याडी!"

उज्ज्वलाची हाक एवढी मोठी होती की बाजारातल्या हमालांनीही माना वळवल्या.

"याडी, इकडं पाह्य! तोंड दिसून नाई राह्यलं तुहं!"

जमनाबाईचे हात पोत्यावर थबकले. मग ती वळली. पदर मागे सारला. मुली थांबून बघत होत्या. तिने शिवणीचा पुढचा टाका उसवला.

उज्ज्वला परत आली. तिने आईपुढची, रस्त्याकडच्या भिंतीची रेघ पायाने पुसली आणि आईच्या दोन्ही बाजूंना काचेसाठी फक्कीच्या खुणा केल्या.

जमनाबाईने त्या निरखून पाहिल्या.

"जरा रुंद घे," ती म्हणाली. "मोतीबाई बी बसन."