लोकांसाठी ठेवलेला बाक

मित्रांनो, मी आहे एक बाक. आंब्याच्या लाकडाचा, पाठ नसलेला आणि आता बराच जुना झालेला. नाशिकहून निफाडकडे जाताना एक लहानसे गाव लागते. तिथल्या नगरपालिकेच्या सभागृहात, दाराजवळच्या भिंतीला लागून माझी जागा आहे. सभेचे कामकाज गावातल्या कुणालाही येऊन पाहता यावे, असा नियम आहे. त्या नियमापोटी माझा जन्म झाला. हनीफ सुताराने माझ्यावर शेवटचा रंधा फिरवला आणि तो म्हणाला, "याच्यावर गाव बसणार बरं का!"

पण गाव काही आले नाही. शिपाई लहानू माझ्यावर जुनी दप्तरे रचायचा, ओली छत्री टाकायचा. समोर अध्यक्षांची शिसवी खुर्ची होती, मखमली गादीची. तिला मात्र तो रोज फडक्याने पुसायचा. अध्यक्ष खंडेराव येऊन तिच्यावर बसले की सारे सभासद नमस्कार करायचे, आणि ती अशी काही मिरवायची, जणू नमस्कार तिलाच! मी तिच्यावर जळत असे. हिला वाळवी लागो, हिची गादी उसवो, असे सभा चालू असताना माझ्या मनात येई. मग पाणीपट्टीचे काय ठरले आणि गटाराचे काय ठरले, याकडे माझे लक्षच नसे.

एका दुपारी दोन बायका दारातून आत आल्या. एक गुलजारबी, विणकर मोहल्ल्यातली. दुसरी तिची शेजारीण मालनबाई. तिची शेवंतीची फुले नाशिकच्या बाजारात जात. त्यांनी दप्तरे उचलून खाली ठेवली आणि त्या माझ्यावर बसल्या. माझ्या फळ्या करकरल्या. मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

त्या हौसेने आल्या नव्हत्या. नगरपालिकेने त्यांच्या वस्तीसाठी एक शिकलेली सुईण नेमली होती. तिला पगार होता, पण वस्तीत तिला कुणी पाहिले नव्हते. ती सभासदांच्या घरच्या बाळंतपणांतच गुंतलेली असे. गुलजारबीच्या सुनेचे, हाजराचे, पहिले मूल जन्मतानाच गेले होते. आता हाजराला पुन्हा दिवस गेले होते.

एक सभासद उभे राहून वाचू लागले, "वस्तीत सुईणबाईंचे काम समाधानकारक चालू आहे."

गुलजारबी ताडकन उठली. "कोणती सुईणबाई, साहेब? माझी सून तडफडत होती, नातू हातातनं गेला. तवा कुठं होती तुमची बाई?"

"बाई, खाली बसा," खंडेराव म्हणाले. "इथं प्रेक्षकांना बोलायचा अधिकार नाही."

मालनबाईने तिला पदराला धरून खाली बसवले. "बस गं भाभी. बोलायचं नाय ना? नाय बोलत. पण साहेब, बघायला तर बंदी नाय ना?"

खंडेरावांनी घाईघाईने पुढचा विषय पुकारला.

तेव्हापासून दर सभेला त्या येऊ लागल्या. बरोबर वस्तीतल्या आणखी बायका आणू लागल्या. बोलत काहीच नसत, नुसत्या बघत. सभासद घसा खाकरत, कागद चाळत आणि तोंड उघडण्याआधी चोरून माझ्याकडे पाहत. माझ्याकडे, खुर्चीकडे नव्हे! मित्रांनो, तेवढे दिवस मी तिच्यापेक्षा उंच झालो होतो.

मग एका सभेआधी लहानूने मला उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवले. "दुरुस्तीला काढायला सांगितलंय," तो पुटपुटला. माझे काहीही मोडलेले नव्हते.

बायका आल्या. मोकळी भिंत पाहून मालनबाई हसली. "बाक नेला व्हय? जमीन तर नाय ना नेली?" असे म्हणत तिने पदर खोचला आणि सरळ फरशीवर बैठक मारली. तिच्यामागे साऱ्याजणी बसल्या. मी खिडकीतून पाहत होतो. ज्या दिवसाची मी वाट पाहिली, तो दिवस त्या थंडगार फरशीच्या वाट्याला आला! खुर्चीवरची माझी सारी जळजळ त्या फरशीवर वळली.

त्या दिवशी 'समाधानकारक' हा शब्द वाचायला कुणी उभेच राहिले नाही. खंडेरावांनी कपाळ पुसले आणि सांगितले, "सोमवारपासून सुईणबाई वस्तीत जातील. त्यांची हजेरी तिथल्या बायकांसमोरच लागेल."

सुईण जाऊ लागली. हाजरा सुखरूप सुटली, मुलगी झाली. ही बातमी लहानूनेच मला आत आणून ठेवताना दुसऱ्या शिपायाला सांगितली. मीही आनंदलो. पण गुलजारबी पुढच्या सभेला आली नाही, त्यापुढच्याही नाही. ती नातीच्या पाळण्याशी बसते, असे कानावर आले. आता मी एका पाळण्यावर जळू लागलो. दसरा जवळ आला, तशी मालनबाईही फुलांच्या तोडणीत अडकली. मग कुणीच येईना.

मागच्या सभेत एक सभासद म्हणाले, "आमच्या सूनबाईंचे दिवस भरत आलेत. सुईणबाईंना काही दिवस आमच्याकडेच राहू द्यावे. वस्तीतून सध्या तक्रार नाही."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. मी रिकामा होतो.

"हरकत कुणाची दिसत नाही," खंडेराव हसून म्हणाले. "पुढच्या सभेत मंजूर करून टाकू."

मला ओरडावेसे वाटले, पण लाकडाला कंठ कुठला? वस्तीत तीन बायकांचे दिवस भरत आले आहेत, हे लहानूच्या तोंडून मी ऐकले होते; पण ते सभेत कुणी सांगायचे? मित्रांनो, मला रंग नको, गादी नको. कुणी माझ्यावर बसले नाही, तर मी नुसते लाकूड आहे. पुढची सभा बुधवारी दुपारी आहे. दार उघडेच असते. या, आणि येताना शेजारणीलाही हाक मारा.