रोज बिघडणारा टीव्ही

मी एक जुना रंगीत टीव्ही आहे, मित्रांनो, पण मी कुणाच्या घरी कधी गेलोच न्हाई. खोक्यातून निघालो तो थेट जालन्यात, मस्तगडच्या एका खाजगी इलेक्ट्रॉनिक्स इन्स्टिट्यूटच्या टेबलावर. बाहेर बोर्ड होता, ‘सहा महिन्यांत टीव्ही मेकॅनिक व्हा’.

माझं काम काय, तं बिघडायचं. हसू नका! पोरं यायच्या आधी पुंजाराम सर माझी पाठ खोलायचे अन् आत एक बिघाड करून ठेवायचे. पोरांनी तो दिवसभर हुडकायचा. चित्र आलं की सगळा वर्ग बोंबलायचा. तीन-तीन बॅच चालायच्या, बसायला जागा नसायची.

पोरगी एकच होती, तीर्थपुरीची आकांक्षा. भुजंग नावाचं एक पोरगं तिला लई चिडवायचं.

“ताई, हे मिक्सर न्हाई बरं!”

“मिक्सर असता तं तुझी चटणी केली असती. सरक तिकडं!”

वीस मिनिटांत तिनं चित्र आणलं. सर नुस्ते हसले. त्या दिवशी मीच पास झाल्यासारखं वाटलं.

मंग भिंतीला लावायचे पातळ टीव्ही आले. पोरं घटली. मालकानं शिकवणं सोडून नुस्ती सर्टिफिकेटं वाटायला सुरुवात केली. पोरं यायची, फोटो द्यायची, निघून जायची. माझ्याकडं कुणी बघायचंसुद्धा न्हाई. सर मात्र रोज बिघाड करायचे.

मालक एक दिवस भडकला, “सर, वर्गात चिटपाखरू न्हाई. कुणासाठी खोलून राह्यले?”

“आज न्हाई तं उद्या येईल की एखादं,” सर म्हणले, अन् त्यांनी झाकण बसवलं.

दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. सर गावाकडं गेले. तो बिघाड माझ्या पोटात तसाच राह्यला. सहा वर्षं झाली.

काल मालकानं भंगारवाला आणला. त्यानं बटन दाबलं. अंधार.

“बिलकुल मेलंय हे. शुक्रवारी येतो, काच फोडून तांबं तेवढं नेतो.”

असा राग आला मला! अरे, मी मेलो न्हाई! पोरांना शिकवायसाठी बंद केलंय मला! पण टीव्हीला स्वतःचं तोंड कुठं असतं? तो कायम दुसऱ्याचंच बोलतो.

मित्रांनो, बंद पडलेली वस्तू फेकायच्या आधी एकदा तरी खोलून बघत जा. अन् जमलं तं शुक्रवारच्या आत मस्तगडला या. बिघाड एवढासाच आहे. कुठं आहे, ते मी सांगणार न्हाई. सरांनी कधीच कुणाला सांगितलं न्हाई.

तुम्ही हुडका.