माझ्या पोटावरच्या रेघा

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि मला उलटं व्हायची भीती वाटते. कुणी मला उचलायला दोन्ही टोकांना हात घातले की माझे चारही पाय लटपटतात. लोक म्हणतात, खिळे सैल झालेत. खिळ्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नाही. माझ्या पोटावर, म्हणजे बसायच्या फळीच्या खालच्या अंगाला, काहीतरी कोरलेलं आहे. ते कुणी कोरलं आणि का, तेच सांगतो.

शाळेचं एक जुनं दार मोडीत निघालं, त्यातून एका सुताराने मला घडवलं. वरची बाजू त्याने इतकी घासली की हात ठेवला तर घसरावा. खालची मात्र तशीच खरबरीत सोडली. त्याची बायको म्हणाली, "अहो, खालूनही दोन हात मारा की रंध्याचे."

"खालून कोण बघतंय?" सुतार म्हणाला आणि जेवायला गेला.

मला विकत घेतलं एका पक्षाच्या कचेरीने. कचेरी कसली, दोन खोल्या. आतल्या खोलीत साहेबांचं टेबल, बाहेरच्या खोलीत मी. साहेब म्हणजे आमच्या वॉर्डातून निवडून आलेले नगरसेवक. चहा आणि किल्ल्या मावशीकडे. ही त्यांच्या आईची सख्खी बहीण, त्यामुळे सगळा वॉर्ड ज्यांना साहेब म्हणे त्यांना ती चारचौघांत "बाळ्या" म्हणायची. "पक्ष तुझा, कप माझे," असं तिचं म्हणणं. "दोन्हीपैकी काहीही फुटलं तरी झाडायचं मलाच आहे."

सुरुवातीची वर्षं फार छान होती. तेव्हा साहेब आतल्या टेबलाशी बसायचेच नाहीत. माझ्यावर येऊन, लोकांच्या मांडीला मांडी लावून बसायचे. कुणी म्हणालं नळाला पाणी नाही, की साहेब म्हणायचे, "बघतो." आणि हे बोलता बोलताच पाय चपलांत सरकवायचे. 'बघतो' म्हणजे खरंच बघायला निघालो, असा त्या शब्दाचा अर्थ होता. लोक माझं कौतुक करायचे. "या बाकावर बसलं की काम होतं," म्हणायचे. मी लाकूड असूनही फुगलो होतो.

मग काय झालं, ते मलाही नीट कळलं नाही. साहेब दुसऱ्यांदा निवडून आले. आतल्या खोलीला काचेचं दार बसलं. साहेब टेबलामागे गेले, चपला टेबलाखाली गेल्या. शब्द तेवढा बाहेर येत राहिला. दार किलकिलं व्हायचं, आतून आवाज यायचा, "बघतो, बघतो." दार लागायचं. चपला जागच्या जागी.

आमच्या वॉर्डात एक इस्त्रीवाली होती. कोपऱ्यावर तिचं टेबल, वर पत्रा, शेजारी कपड्यांचे गठ्ठे. तिच्या टेबलासमोरच गटारावरची एक फरशी तुटली होती. पाय पडला की एक टोक खाली जायचं आणि दुसरं वर उठायचं. शाळेत जाणारी सगळी मुलं त्याच फरशीवरून जायची. ती हे सांगायला आली, तासभर बसली, 'बघतो' ऐकलं. निघताना तिने केसातली पिन काढली, हात माझ्या पोटाखाली घातला आणि एक रेघ ओढली. मला आधी गुदगुल्याच झाल्या.

पुढच्या आठवड्यात दुसरी रेघ. मग तिसरी. शेजारी बसलेल्या पेन्शनवाल्या आजोबांनी विचारलं, "काय करताय हो खाली?"

"काही नाही. एक 'बघतो', एक रेघ."

आजोबांनी मिशीत हसून खिशातून कुलपाची किल्ली काढली आणि आपलीही एक ओढली. झालं! महिन्याभरात ती माझ्यावर बसणाऱ्यांची रीतच पडली. कुणी किल्लीने, कुणी नखाने, कुणी बांगडीच्या टोकाने. खरबरीत लाकडावर रेघा छान उठायच्या.

"तुमच्या किती झाल्या?"

"सोळा."

"अहो, मी अजून सातवरच आहे. नवशिका."

"बसा बसा, होईल प्रगती."

हसायचे सगळे. मीही आधी हसलो. पण रेघा वाढत गेल्या तशी माझ्या लाकडात थंडी भरत गेली. काचेच्या दाराआड साहेबांना वाटत होतं, लोक बाहेर मजेत गप्पा मारताहेत. वरून मी गुळगुळीतच होतो ना! मला ओरडून सांगावंसं वाटे, 'साहेब, एकदा वाका. खालून बघा.' पण बाकाला तोंड नसतं.

तरी मित्रांनो, सगळ्यात जास्त मी घाबरलो तो दिवस वेगळाच होता. इस्त्रीवालीच्या एकोणीस रेघा झाल्या होत्या. एकोणिसाव्या वेळी तिने काचेवर हात आपटला होता. "अहो, पोरं पडतील! तुमचं कुणी जात नाही का त्या रस्त्याने?" त्यानंतर ती विसाव्यांदा आली. तिची मुलगी बरोबर होती आणि मुलीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मला वाटलं, आज ही काच फोडणार.

तिने काहीच केलं नाही. घटकाभर बसली. मावशीने चहा आणला, तो घेतला नाही. दार किलकिलं झालं, तोच आवाज आला. तिने पिन काढली नाही, रेघ ओढली नाही. मुलीचा डावा हात धरून निघून गेली.

जोवर माणसं भांडतात तोवर ती आपली असतात. इस्त्रीवाली गप्प झाली तेव्हा मला कळलं, गेली. पुढे आजोबा यायचे थांबले, मग एकेक करून सगळेच. निवडणुकीआधी दोन महिने माझ्यावर धुळीशिवाय कुणी बसलं नाही. आत मात्र साहेब म्हणत होते, "बघा, तक्रारीच संपल्या! वॉर्ड खूश आहे."

निकालाच्या दिवशी दुपारी समोरच्या पक्षाचे ढोल आमच्या दारावरून गेले. साहेब पडले होते, आणि तेही दणकून. कार्यकर्त्यांपैकी एकाने सगळा राग माझ्यावर काढून लाथ मारली. माझा एक खिळा तेव्हाच निखळला.

मग चार दिवस बैठका झाल्या. लोक फितले, कुणी म्हणालं. ऊन फार होतं, मतदार बाहेरच पडला नाही, दुसरा म्हणाला. तिसऱ्याने सांगितलं, आपलं प्रचाराचं गाणं जुनं झालं, नवं करू. शेवटी ठरलं ते असं: नवा फलक, नवं गाणं आणि बाहेरच्या खोलीत नवा सोफा. "हा बाक वखारीला द्या. जळणात जाईल."

मित्रांनो, जळण या शब्दाने लाकडाला काय होतं ते तुम्हाला कसं सांगू! रात्रभर माझी फळी आपोआप कुरकुरत राहिली. पण खरं सांगू? जळण्याहून मोठी भीती दुसरीच होती. मला न्यायचं म्हणजे टेम्पोत घालायचं, आणि टेम्पोत घालायचं म्हणजे उलटं करायचं.

सकाळी टेम्पोवाला आला. त्याने आणि एका कार्यकर्त्याने मला उचललं आणि पाय आभाळाकडे करून दारात ठेवलं. टेम्पोवाला म्हणाला, "आयला, हे काय? वाळवी आहे का?"

साहेब बाहेर आले. वाकले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे खालून बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघाच रेघा. त्यांचं तोंड लाल झालं. "पक्षाच्या बाकावर? कुणी केलं हे?"

"पोलिसांत देऊ साहेब," कार्यकर्ता म्हणाला.

"दे की," मावशी कपबश्या घेऊन मागे उभी होती. "काय लिहून देशील? आमचे साहेब 'बघतो' म्हणाले आणि बाई रेघ मारून गेली? बाळ्या, तू जितक्या वेळा न बघता 'बघतो' म्हणालास तितक्या रेघा आहेत या. या कडेच्या एकोणीस इस्त्रीवालीच्या."

"मला आठवतही नाही गं मावशी."

"तिला आठवतंय ना. निकाल लागून चार दिवस झाले म्हणतोस, तो तर इथे केव्हाचा लागला होता."

साहेबांनी त्या एकोणीस रेघांवरून बोट फिरवलं. माझ्या लाकडाचं एक कुसळ त्यांना टोचलं. मी देवाचा धावा करत होतो. आता हे कुऱ्हाड मागवणार! पण त्यांनी टेम्पोवाल्याला परत पाठवलं. टेबलाखालून चपला ओढून काढल्या आणि म्हणाले, "मावशी, एक टोक धर."

भर उन्हात दोघांनी मला रस्त्यातून नेलं. कुणीतरी दगड मारील म्हणून मी अंग चोरून होतो. दगड आला नाही, आवाजही आला नाही. खिडक्या तेवढ्या लागत गेल्या, आणि तेच जास्त भयंकर होतं. इस्त्रीवालीच्या टेबलाजवळ त्यांनी मला टेकवलं. ती शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती. मान वर केली नाही.

"मी बघायला आलोय," साहेब म्हणाले.

"आता? सत्ता गेल्यावर?"

"होय. तेव्हा यायला हवं होतं."

"साहेब, कपडे टाकायचे असतील तर टाका. नाहीतर उजेड अडवू नका."

साहेब बाजूला झाले. फरशीकडे गेले, वाकून बघायला म्हणून एक पाय ठेवला, आणि फरशीने आपलं नेहमीचं काम केलं. साहेब गुडघ्यापर्यंत गटारात! कुणी हात द्यायला धावलं नाही. मावशीच पुढे झाली. "आता नीट दिसलं का रे?"

इस्त्रीवालीच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू नव्हतं ते, पण पाण्याचा तांब्या तिने पुढे केला.

त्या दिवसापासून माझा मुक्काम तिथेच पडला. साहेब रोज संध्याकाळी येऊन माझ्यावर बसायचे. पहिले पंधरा दिवस एकटेच. मग एकदा शेजारच्या बाईंनी पत्रा गळतो म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "हे माझ्या हातात नाही, माझ्याने होणार नाही." बाई चकित झाल्या. 'नाही' हा शब्द त्यांनी आमच्या पक्षाकडून पहिल्यांदाच ऐकला होता. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, दुसरं काम घेऊन.

फरशीसाठी अर्ज लिहून साहेब नगरपालिकेत गेले. परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने.

"काय झालं?" इस्त्रीवालीने विचारलं.

"दोन तास बाकावर बसवलं. मग दार किलकिलं करून म्हणाले, 'बघतो'."

इस्त्री हातात तशीच धरून ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग? कसं वाटलं?"

तिने केसातली पिन काढून त्यांच्यासमोर धरली. "घ्या. मारा रेघ."

साहेबांनी हात खाली घातला आणि त्या एकोणीस रेघांच्या शेजारी पहिली रेघ ओढली. ती सगळ्यात खोल गेली. मला दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. एका रेघेच्या अकरा झाल्या. मध्येच पेन्शनवाले आजोबा येऊन बसले आणि म्हणाले, "अकराच? नवशिके आहात." बाराव्या वेळी नगरपालिकेची माणसं नवी फरशी घेऊन आली.

पुढची निवडणूक जवळ आली आहे. आम्ही जिंकू की नाही, मला माहीत नाही. कालचीच गोष्ट सांगतो. माझ्यावर पाचजण बसले होते, साहेब मधोमध, आणि मावशी चहा वाटत होती. इस्त्रीवाली तिकडून ओरडली, "अहो साहेब, नव्या फरशीचा कोपरा हलतोय हं!"

आणि साहेबांच्या तोंडून निसटलं, "बघतो."

मावशीच्या हातातला कप थांबला. इस्त्रीवालीचा हात हळूच केसांकडे गेला. माझे चारही पाय लटपटायला लागले. पुन्हा तेच का? पुन्हा ते काचेचं दार?

माझ्यावरचं मधलं वजन उठलं. मातीत चपला घासल्याचा आवाज आला.

"चला," साहेब म्हणाले, "दाखवा कुठला कोपरा."

तिने केसांवरून हात फिरवला आणि पिन होती तिथेच राहू दिली.

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. माझ्या पोटावर रेघांच्या मधेमधे कोरी जागा अजून उरली आहे. म्हणून एकच विनवणी. माझ्यासारखा एखादा जुना बाक कुठे दिसला, तर वरून धूळ पुसालच. पण एकदा वाकून हात खालूनही फिरवा. कुसळ टोचलं, तर तिथे कुणीतरी खूप वेळ वाट बघत बसलं होतं, असं समजा.